मॉडेल नंबर वेगळा, हार्डवेअर आयडी वेगळा: ड्रायव्हर शोधताना कुठला बघायचा

महिन्यातून एकदा तरी कोणाचा तरी मेसेज येतोच, "अरे अमुक मॉडेलचा जुना लॅपटॉप आहे, वायफायचा ड्रायव्हर पाठव ना." ड्रायव्हर म्हणजे आतली चिप कशी चालवायची ते विंडोजला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर. मी विचारतो चिप कुठली आहे, तर समोरून परत तोच मॉडेल नंबर येतो, फक्त या वेळी झाकणाच्या फोटोसकट. मॉडेल नंबर वाचता येतो मला. त्याने काम भागत असतं तर विचारलंच नसतं.

मॉडेल नंबर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवा की झाकणावर किंवा स्क्रीनखाली चकचकीत अक्षरात लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सिरीजचं नाव असतं, खरा नंबर तळाच्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतो, काहींत तर बॅटरी काढल्यावर दिसतो. डेलवाल्यांनी सर्व्हिस टॅग, म्हणजे स्टिकरवरचा त्या लॅपटॉपचा स्वतःचा कोड, बघावा. झालं.

आता हार्डवेअर आयडी. लॅपटॉपच्या आतली प्रत्येक चिप, म्हणजे वायफाय, लॅन, कार्ड रीडर, साउंड, ग्राफिक्स, विंडोजला स्वतःचा नंबर स्वतः सांगते. लॅपटॉप कोणाचा आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. मॉडेल नंबर म्हणजे सोसायटीचं नाव धरा आणि हार्डवेअर आयडी म्हणजे आत राहणाऱ्या भाडेकरूचं आधार कार्ड. कोथरूडमधल्या एकाच सोसायटीत एकाच मापाच्या तीन फ्लॅटमध्ये तीन वेगळी माणसं राहतात, तुम्ही गेटवर नुसतं सोसायटीचं नाव सांगून कुरियर सोडून आलात तर ते कोणाला मिळायचं?

आणि इथेच सगळे पडतात. लोकांना वाटतं एक मॉडेल म्हणजे आतला माल एकच. तसं नसतं हो! कंपनी एकाच मॉडेलमध्ये एका लॉटला ब्रॉडकॉमचं वायफाय कार्ड टाकते, दुसऱ्याला रियलटेकचं, तिसऱ्याला अ‍ॅथरॉसचं, जे ज्या वेळी मिळेल ते, आणि झाकणावरचं नाव तेच राहतं. म्हणून तुम्ही कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकलं की वायफायचे दोन-तीन ड्रायव्हर दिसतात. मग माणूस काय करतो, पहिला डाउनलोड करतो, चालला नाही की दुसरा, मग तिसरा, मग तिन्ही पोटात घेऊन लॅपटॉप माझ्याकडे येतो. तिन्ही एकदम लागत नाहीत, त्यातला एकच तुमचा असतो, आणि कुठला ते फक्त आयडी सांगतो.

आमच्या आत्याचंच घ्या. तिचं पत्रिका काढायचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज सेव्हनवरच चालतं, म्हणून तिने एका दुकानातून सेव्हन परत टाकून आणलं. वायफाय गायब. दुकानदार म्हणाला कार्ड गेलंय, बदलावं लागेल. मी म्हटलं थांब, आणि फोनवरच तिला कामाला लावलं. कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिव्हाइस मॅनेजर. तिथे "अदर डिव्हायसेस"खाली नेटवर्क कंट्रोलर पिवळा त्रिकोण लावून बसला होता. म्हणजे कार्ड जिवंत आहे! कार्ड खरंच मेलं असेल किंवा सुटलेलं असेल तर ते सहसा यादीत दिसतच नाही. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि वरच्या ड्रॉपडाउनमध्ये हार्डवेअर आयडीज.

"अरे इथे कायतरी भयंकर लिहिलंय."

"वाच."

"पीसीआय, मग उलटी तिरकी रेघ, मग व्ही ई एन, खाली रेघ, एक सहा आठ सी..."

"पुढे डी ई व्ही आहे ना? त्याच्यापुढचे चार आकडे सांग."

"शून्य शून्य तीन दोन. बरोबर आहे का?"

एकदम बरोबर. व्हेन म्हणजे चिप बनवणारी कंपनी, १६८सी म्हणजे अ‍ॅथरॉस. डेव्ह म्हणजे त्या कंपनीची नेमकी चिप, ००३२ म्हणजे एआर९४८५. आणि आत्याने शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून जो ड्रायव्हर आणला होता तो ब्रॉडकॉमचा, कारण साइटवर तो सगळ्यात वर होता. सेव्हन २००९चं, ही चिप त्यानंतरची, त्यामुळे विंडोजला ती ओळखताच येत नव्हती, बाकी काही नाही. बरोबर ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणला आणि पाच मिनिटांत वायफाय चालू. (पेनड्राइव्ह निळ्या पोर्टात घातला तर दिसेना, कारण सेव्हनमध्ये यूएसबी ३चा ड्रायव्हर मुळातून नसतो. काळ्या पोर्टात घाला.)

नेहमी भेटणारे नंबर थोडेच आहेत, दोन-चार लॅपटॉप केले की पाठ होतात. ८०८६ म्हणजे इंटेल, १९७८च्या त्यांच्या प्रोसेसरचा तोच आकडा. १०ईसी रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १०डीई एनव्हिडिया. १००२ हा एटीआयचा, एएमडीने एटीआय २००६ला विकत घेतली तरी ग्राफिक्सला नंबर तोच चालतो. अ‍ॅथरॉसही २०११ला क्वालकॉमकडे गेली, पण १६८सी तसाच. कंपन्या विकल्या जातात, चिपवरचा नंबर बदलत नाही, म्हणून नावापेक्षा नंबरवर भरवसा ठेवा. यूएसबीवर असलेल्या गोष्टींना, म्हणजे ब्लूटूथ आणि वेबकॅम, व्हेन-डेव्हऐवजी व्हीआयडी आणि पीआयडी असतं, कल्पना तीच.

आता त्याच ओळीत पुढे सबसिस नावाचा आठ अक्षरी तुकडा असतो, आणि इथे मॉडेलवाल्यांची थोडी बाजू घ्यावी लागते. त्यातली शेवटची चार अक्षरं बहुतेक वेळा लॅपटॉपवाल्या कंपनीची असतात: १०३सी एचपी, १०२८ डेल, १७एए लेनोवो, १०४३ असुस, १०२५ एसर. म्हणजे चिप कोणाचीही असो, ती कोणाच्या घरी नांदतीये ते इथे कळतं. वायफाय, लॅन, कार्ड रीडरला याने फारसा फरक पडत नाही, व्हेन आणि डेव्ह जुळलं की मी कुठल्याही कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर बिनधास्त टाकतो. पण ग्राफिक्स आणि साउंडला पडतो. इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर थेट इंटेलकडून आणला तर जुन्या लॅपटॉपवर कधीकधी "हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही, कंपनीकडून घ्या" अशा अर्थाचा मेसेज देऊन तो सरळ थांबतो, आणि दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपमध्ये तर मी आधी लॅपटॉप कंपनीचाच टाकतो. तेव्हा माझा नियम असा: कुठला ड्रायव्हर ते आयडीवरून ठरवायचं, कोणाकडून घ्यायचा ते ठरवताना मॉडेल बघायचं. लोक नेमकं उलटं करतात.

एक अपवाद आहे. आयडी पीसीआयने सुरू न होता एसीपीआयने सुरू होत असेल तर तिथे चिपवाल्याच्या साइटवर जाऊन सहसा उपयोग नाही, ती बहुतेक वेळा मदरबोर्डवरची लॅपटॉप कंपनीची स्वतःची सोय असते. एचपीक्यू०००४ किंवा एसएमओ८८०० असं दिसलं तर तो लॅपटॉप पडतोय का ते ओळखणारा सेन्सर, पहिला एचपीत आणि दुसरा डेलमध्ये. पडताना हार्डडिस्कचं हेड बाजूला घ्यायचं एवढंच त्याचं काम. तुम्ही हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली असेल तर तो त्रिकोण खुशाल राहू द्या, रात्रभर जागून ड्रायव्हर शोधण्याइतकं तिथे काही नाही.

डिव्हाइस मॅनेजर जी नावं दाखवतो त्यावरही जाऊ नका. "पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर" बघून लोक मॉडेमचा ड्रायव्हर शोधत बसतात, इंटेलच्या लॅपटॉपवर ते बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे इंटेलच्या चिपसेटमधला छोटा अंतर्गत कंट्रोलर असतो, आयडीत ८०८६ आणि १सी३ए किंवा १ई३ए दिसलं तर नक्की तेच. "एसएम बस कंट्रोलर" म्हणजे चिपसेट, मदरबोर्डवरची मुख्य चिप. नुसतं "पीसीआय डिव्हाइस" आणि १०ईसी असेल तर बहुधा कार्ड रीडर.

आयडी मिळाला की पुढचं सोपं. राइट क्लिक करून कॉपी करा, हाताने टाइप करू नका, शून्य आणि डीमध्ये घोळ होतो. आधी लॅपटॉप कंपनीचं तुमच्या मॉडेलचं पान, तिथे नसेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर शोधायची साइट. कॅटलॉगमध्ये फक्त व्हेन आणि डेव्हपर्यंतचा तुकडा शोधा, वरची लांबलचक ओळ टाकली की बऱ्याचदा काहीच सापडत नाही आणि माणूस हताश होतो. तिथून कॅब फाइल, म्हणजे झिपसारखं गाठोडं मिळतं, ते सेव्हन झिप नावाच्या सॉफ्टवेअरने उघडायचं आणि अपडेट ड्रायव्हरमध्ये ते फोल्डर दाखवायचं. विंडोज ६४ बिट असेल तर ड्रायव्हरही ६४चाच हवा, यात तडजोड नाही. विंडोज दहावर असाल आणि नेटच नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, फोन घरच्या वायफायवर असला तर डेटाही जात नाही.

आणि ते "तुमचे २३ ड्रायव्हर जुने आहेत" म्हणून ओरडणारे ड्रायव्हर अपडेटर, ते माझ्यासमोर काढू नका. दोन मिनिटांत वाचता येणारा आकडा वाचायचा नाही म्हणून अख्खं मशीन अनोळखी माणसाच्या हातात द्यायचं, वर पैसे पण भरायचे.

आत्या आता फोन करते तेव्हा हॅलोच्या आधीच व्हेन सांगते. परवा शेजारच्या काकूंच्या लॅपटॉपचा घेऊन बसली होती, साउंड नव्हता, म्हणाली, "दहा ई सी आहे, म्हणजे रियलटेक ना? पण साउंड आहे, तर कंपनीच्याच पानावरून घेते."