साडेतीन हातांचा हिशेब

मराठीत माणसाच्या शरीराला ‘साडेतीन हातांचा देह’ म्हणतात. ही नुसती बोलण्याची लकब नव्हे, तिच्यामागे मोजमापाचे जुने कोष्टक आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक हात. त्याचा चोविसावा भाग म्हणजे अंगुळ, 12 अंगुळांची एक वीत आणि 84 अंगुळांचा एक व्याम, म्हणजे दोन्ही बाहू आडवे पसरले असता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरणारे अंतर. बाहूंचा हा पसारा आणि माणसाची उंची जवळपास सारखी असते, आणि 84 ला 24 ने भागले की बरोबर साडेतीन येतात. रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियसने मात्र माणसाची उंची चार हात धरली होती. टेप लावून पाहिले, तर बहुतेकांची उंची या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी, पावणेचार हातांच्या आसपास भरते.

उंच असो वा ठेंगणा, प्रत्येक जण आपापल्या हाताने जवळजवळ तेवढाच भरतो. स्वतःपुरते मोजताना ही मोठीच सोय होती, कारण माप विसरण्याचा किंवा हरवण्याचा प्रश्नच नव्हता. देवघेव सुरू झाली की मात्र हात घेणाऱ्याचा धरायचा की देणाऱ्याचा, हा वाद ठरलेला. लांबीच्या एककांचा पुढचा बराचसा इतिहास म्हणजे ‘हात कोणाचा?’ या प्रश्नाला वेगवेगळ्या काळी दिलेली उत्तरे होत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे, म्हणजे जवाच्या दाण्यांचे, मध्य शेजारी शेजारी ठेवून होणारी रुंदी म्हणजे एक अंगुळ, असे म्हटले आहे; अथवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची जास्तीत जास्त रुंदी. बोटाच्या जोडीला धान्याचा दाणा का आणला असेल, हे सहज कळते: एकट्या देहावर विसंबायला कारभार तयार नव्हता. त्याच ग्रंथात पुढे हात निरनिराळ्या लांबीचे होतात. साधा हात 24 अंगुळांचा, कुरणे मोजण्याचा 28 चा, सुतारकामाचा 42 चा, तर वनोपजाचा चक्क 54 अंगुळांचा. चोपन्न अंगुळांचा हात कोणत्याही माणसाच्या खांद्याला नसतो. नाव शरीराचे राहिले, शरीर मात्र त्यातून केव्हाच निघून गेले होते.

प्राचीन इजिप्तमध्ये हेच अधिक ठळकपणे दिसते. तेथील साधा हात सहा पंज्यांचा, म्हणजे 24 बोटांचा असून त्याची लांबी सुमारे 45 सेंटिमीटर होती. राजमान्य हात एका पंज्याने मोठा, 28 बोटांचा, सुमारे 52 सेंटिमीटर. लिपीत त्याचे चिन्ह कोपरापुढच्या हाताचेच होते, पण मोजणी होई ती आखीव पट्टीने. इजिप्तचा राजा तुतनखामुन याचा खजिनदार माया याची अशी एक पट्टी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायाची प्रत्येक बाजू या हाताने सुमारे 440 भरते आणि चारही बाजूंमधला फरक काही सेंटिमीटरांपलीकडे जात नाही. एवढी अचूकता कोपरे टेकवून साधत नाही.

रोमनांनी पावलाच्या लांबीचे 12 भाग केले. त्या भागाला ते ‘उन्किया’ म्हणत आणि त्याच शब्दापासून इंच आला. त्यांच्या सैन्याच्या चालीतल्या हजार दुहेरी ढांगा म्हणजे मैल.

या सगळ्यांत सर्वात चतुर उत्तर मला सोळाव्या शतकातल्या जर्मनीतील, भूमापनावर लिहिणाऱ्या याकोब क्योबेल याचे वाटते. त्याने सांगितलेली रीत अशी: रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्या माणसांपैकी उंच, बुटके असे जे भेटतील ते 16 जण थांबवावेत, त्यांना आपले डावे पाऊल एकामागे एक, टाचेला अंगठा लावून ठेवायला सांगावे आणि भरेल ती लांबी जमीन मोजण्याची काठी समजावी, तिचा सोळावा हिस्सा म्हणजे खरे पाऊल. राजाचे पाऊल नको आणि कुणा एकाचेही नको, ही कल्पना सरासरीच्या विचाराच्या अगदी जवळ जाते. त्या दिवशी कोणाच्या पायात जाड तळाचे जोडे होते, हा प्रश्न तरीही उरतोच.

व्यवहारात मात्र निकाल लागला तो धातूच्या पट्टीने. पॅरिसमध्ये 1668 साली शातले या इमारतीच्या जिन्याच्या पायथ्याशी सहा फ्रेंच पावलांचे लोखंडी प्रमाण भिंतीत बसवले गेले. पुढे 1791 मध्ये फ्रेंचांनी शरीर बाजूला सारून पृथ्वीच मोजायला घेतली: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या खगोलशास्त्रज्ञांनी उत्तर फ्रान्समधील डंकर्क ते स्पेनमधील बार्सिलोना हा पट्टा कित्येक वर्षे खपून मोजला. 1983 पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो आणि 1959 च्या करारानुसार इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, त्यामुळे फुटाचाही आता पायाशी काही संबंध राहिलेला नाही. घोड्याची उंची मात्र काही देशांत अजूनही ‘हँड’मध्येच सांगतात. हा ‘हँड’ म्हणजे कोपरापासूनचा हात नव्हे, पंजाची रुंदी. तोही आता चार इंचांचा, म्हणजे 10.16 सेंटिमीटरांचा ठरलेला आहे, मग मोजणाऱ्याचा पंजा केवढाही असो.