पार्श्वभूमी: आतड्याच्या जोडाची ‘गळती’ नेमकी कशाला म्हणायची?

आतड्याचा भाग काढून उरलेली टोकं जोडली की पुढचे काही दिवस सगळ्यांचं लक्ष त्या जोडावर असतं. जखमेत पू होणं, रक्तस्राव, पायात गुठळी, आतड्यांची हालचाल थंडावून पोट फुगणं हे धोके आहेतच. पण सर्जनची झोप उडवते ती गळती, म्हणजे जोड नीट न धरल्याने आतड्यातला मजकूर बाहेर झिरपणं.

जुना काळ थोडक्यात. आतड्याचे बाहेरचे गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना टेकतील असे टाके घातले तर जोड धरतो, हे १८२६ मध्येच मांडलं गेलं होतं. भूल १८४६ची, जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ची, आणि कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग काढूनही रुग्ण वाचल्याची पहिली नोंद १८८१ची. त्या काळात जोड सुटला की पोटात घाण पसरायची आणि बहुतेक रुग्ण दगावायचे. व्याख्येची गरज कुणाला होती?

घोळ सुरू झाला तो १९७०नंतर. गोल स्टेपलर (हाताने टाके न घालता पिनांनी आतड्याची टोकं जोडणारं यंत्र) आले आणि पूर्वी ज्यांना कायमचा स्टोमा (मल बाहेर पडावा म्हणून पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) मिळाला असता, अशांचंही आतडं गुदाशयात खूप खाली जोडता येऊ लागलं. जोड जितका खाली, तितकी गळती जास्त. त्यात सीटी स्कॅन आला. रुग्ण वॉर्डात चालतोय, ताप नाही, आणि स्कॅनमध्ये जोडाशेजारी हवेचा बुडबुडा. ही गळती की नाही? एका ठिकाणी ती मोजली जायची, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पोट उघडावं लागलं तरच. २००१ मधल्या एका आढाव्यात ९७ अभ्यासांत मिळून गळतीच्या ५६ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या. म्हणजे ‘आमच्याकडे गळती कमी’ या दाव्याला तोवर फारसा अर्थच नव्हता.

२०१० मध्ये गुदाशयाच्या जोडापुरती एक व्याख्या पुढे आली आणि तीन श्रेणी ठरल्या: उपचारात काहीच बदल करावा लागत नाही ती अ, अँटिबायोटिक किंवा सुईने पू काढण्यासारखे उपाय लागतात, पण पुन्हा पोट उघडावं लागत नाही ती ब, उघडावंच लागतं ती क. जोडालगत साठलेला पूही गळतीतच धरायचा, जोडाला भोक दिसो वा न दिसो. यावर वाद झाला, अजूनही होतो. आक्षेप असा, की साध्या संसर्गालाही गळतीचं लेबल लागतं. मला हा आक्षेप लंगडा वाटतो. जोडाला चिकटून पू आपोआप क्वचितच येतो. उपचार किती करावे लागले यावरून तीव्रता ठरवायची ही कल्पनाही नवी नव्हती. सगळ्याच शस्त्रक्रियांसाठीची तशी पाच पायऱ्यांची पद्धत २००४ पासून रूढ होत होती.

जोड भरून येईपर्यंत ठेवायच्या तात्पुरत्या स्टोमाचा प्रश्नही इथेच अडकतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या २३४ रुग्णांच्या चाचणीत स्टोमा केलेल्यांत लक्षणं दाखवणारी गळती १०.३ टक्के होती, न केलेल्यांत २८ टक्के. आकडा ‘लक्षणं दाखवणाऱ्या’ गळतीचा आहे, हे वाचताना सुटतं. स्टोमामुळे जोडावरून मल जात नाही, त्यामुळे भोक असलं तरी ते गप्प राहू शकतं; कधी ते महिन्यांनी, स्टोमा बंद करण्याआधीच्या तपासणीतच दिसतं. फक्त पहिल्या ३० दिवसांचा हिशेब ठेवणाऱ्या नोंदींत अशी गळती येतच नाही, आणि तिच्यापायी कायमचा राहिलेला ‘तात्पुरता’ स्टोमाही नाही.