हायड्रोजनची टाकी म्हणजे बॉम्ब नव्हे

“हायड्रोजनवरची गाडी म्हणजे दारात उभा केलेला हायड्रोजन बॉम्ब!” हा मेसेज आमच्या नागपुरातल्या ग्रुपांवर दर उन्हाळ्यात फिरतो. पारा ४५ ला गेला की भीती वाटणं साहजिकच आहे.

आधी बॉम्बचं. त्यात हायड्रोजनची जड रूपं, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, यांची अणुकेंद्रं जुळतात. त्यासाठी कोट्यवधी अंश तापमान लागतं आणि ते आत ठेवलेल्या अणुबॉम्बमधून मिळतं. टाकीतला साधा हायड्रोजन पेट घेतो, हवेत मिसळून कोंडला तर स्फोटही होतो. पण तो गॅसचा स्फोट, अणुस्फोट नाही.

शिवाय हायड्रोजन दाबाखालीच ठेवावा लागतो असंही नाही. रंगाच्या दुकानात थिनरचा डबा उघडला की नाकात जाणारा तो उग्र वास बरेचदा टोल्युइनचा असतो. उत्प्रेरकाच्या मदतीनं टोल्युइनला हायड्रोजन जोडला की मिथाइलसायक्लोहेक्झेन बनतं. ते उकळतं १०१ अंशांना, म्हणजे आपल्या मे महिन्यातही द्रवच. हायड्रोजन परत सोडवायला उत्प्रेरक आणि साधारण ३५० अंश उष्णता लागते; उन्हानं तो सुटत नाही.

अकरावीच्या रसायनशास्त्रावर हे पडताळून पाहा. टोल्युइनचं रेणुभार ९२, मिथाइलसायक्लोहेक्झेनचं ९८. फरक ६, तोच साठवलेला हायड्रोजन: वजनाच्या सुमारे ६ टक्के, लिटरमागे ४७ ग्रॅमच्या आसपास.

हा द्रव पेट्रोलसारखाच ज्वालाग्राही आहे, तेव्हा काळजी पेट्रोलइतकीच घ्यायची. खरी अडचण मला वेगळीच वाटते: हायड्रोजन सोडवण्यातच त्याच्या ऊर्जेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग खर्च होतो.