व्यक्तिनामे, मुंबईतील

मुंबईत प्रचलित असलेली व्यक्तिनामे संस्कृत, पाली, अरबी, फारसी, हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा अनेक भाषांतून आलेली असून, त्यांपैकी बरीचशी दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचे वळण घेऊन येथे पोहोचली आहेत. त्यामुळे नावाचा कोशातील अर्थ आणि ते ठेवण्यामागचे कारण यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या नावांच्या पुस्तिका बहुधा पहिल्यावरच थांबतात.

मराठी हिंदू घरांत बारसे साधारणतः बाराव्या दिवशी होते. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात आणि आत्या त्याच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. पत्रिकेतील नावरस नाव निराळे असते : २७ नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांची मिळून १०८ अक्षरे होतात व जन्मवेळच्या चरणाच्या अक्षरावरून ते नाव ठरते. अश्विनीची अक्षरे चू, चे, चो, ला अशी आहेत. त्यांवरून मनाजोगे नाव सापडणे कठीणच, म्हणून व्यवहारात दुसरे नाव ठेवून घरचे मोकळे होतात. कोकणातून व घाटावरून गिरणगावात आलेल्या पिढ्यांत खंडू, मल्हारी, ज्योतिबा, पांडुरंग अशी दैवतांची नावे सर्रास आढळत. आधीची मुले दगावली असतील, तर पुढच्याला धोंडू, दगडू, केरू किंवा भिकाजी असे मुद्दाम हलके नाव देत, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही, अशी समजूत होती.

पीटर या नावाचा अर्थही दगड किंवा खडक असाच आहे. परंतु मूळच्या ग्रीक ‘पेत्रोस’मध्ये तो ख्रिस्तमंडळाचा पाया म्हणून गौरवाने आलेला आहे, आणि अर्थ एक असूनही हेतू नेमके उलटे असण्याचे हे ठळक उदाहरण होय. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात तेथील व साष्टीतील ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांत संतांची नावे पोर्तुगीज रूपात रुळली.

बेने इस्राएल या कोकणातील ज्यू समाजाने हिब्रू नावांना कोकणी पेहराव चढवला. १७९६ साली मांडवी भागात मुंबईतील पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल एझिकिएल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखले जात. सॅम्युएलचा समाजी व एझिकिएलचा हसाजी झाला, मागे मराठी ‘जी’ लागला आणि आडनाव गावावरून आले. ‘देव बळ देतो’ हा एझिकिएलचा अर्थ ‘हसाजी’त ऐकू येण्याजोगा उरला नाही. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली ‘कर’अंती आडनावे आहेत, मात्र व्यक्तिनामे अरबी राहिली. त्यांपैकी महंमद, अहमद, महमूद, हमीद ही सर्व स्तुतिवाचक ‘ह-म-द’ या एकाच धातूची आहेत.

पारशी नावांचे नाते संस्कृताशी जवळचे आहे. जमशेद म्हणजे अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातील ‘यिम क्षएत’, तेजस्वी यिम. हा यिम आणि वैदिक यम मुळात एकच. मराठी घरात मुलाचे नाव यम ठेवण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही, पण जमशेद मात्र आदर्श राजा ठरला. बेहराम हे ‘वेरेथ्रघ्न’ या अवेस्तातील देवतेच्या नावाचे रूप असून इंद्राचे ‘वृत्रहन्’ हे विशेषण त्याचेच भावंड आहे. जमशेटजी, सोराबजी यांतील ‘जी’ मात्र इराणचा नव्हे, तो गुजरातेतला.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांत सिद्धार्थ, गौतम, सुजाता, यशोधरा ही नावे मोठ्या प्रमाणावर ठेवली जाऊ लागली. त्यांतील मिलिंद विशेष लक्षणीय आहे. संस्कृत कोश त्याचा अर्थ भुंगा असा देतात. परंतु बौद्ध परंपरेतील मिलिंद म्हणजे नागसेन या भिक्खूशी वाद करणारा, इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला हेच नाव दिले. इतर जातींतही ते लोकप्रिय असल्याने एकाच इमारतीत भुंगा आणि राजा असे दोन मिलिंद शेजारी राहत असू शकतात.

लग्नानंतर वधूचे नाव बदलण्याची, तबकातील तांदळात अंगठीने ते लिहिण्याची रीत आता बरीच मागे पडली आहे. मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. तथापि १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत बालकाचे, आईचे व वडिलांचे नाव आणि मग आडनाव, असा क्रम राज्य शासनाने बंधनकारक केला आहे.