टोचाटोची आणि खुडूक बसणं : तलंगा नेणाऱ्या ग्राहकांसाठी

तलंगा, म्हणजे अजून अंडी द्यायला न लागलेल्या तरुण कोंबड्या, घरी नेल्यावर आम्हाला जे फोन येतात, ते बहुतेक दोनच प्रकारचे. पहिला दोन दिवसांत येतो : "जुन्या कोंबड्या हिला दाण्याजवळ फिरकू देत नाहीत." दुसरा काही महिन्यांनी : "कोंबडी आजारी दिसते. खुराड्यातून उठतच नाही आणि हात लावला की अंगावर येते." अंगावर येणारी कोंबडी सहसा आजारी नसते. आजारी कोंबडी डोळे मिटून, पंख पाडून कोपऱ्यात उभी असते, तिला भांडायचं त्राण नसतं. या दोन्ही फोनांवर आम्ही जे सांगतो, ते इथे लिहून ठेवलं आहे.

टोचाटोची

कोंबड्यांत मानाची उतरंड असते. नॉर्वेचे थोर्लीफ श्येल्डरुप-एब्ब लहानपणापासून कोंबड्यांची टिपणं ठेवायचे. कोण कोणाला टोचतं, यावरून कळपातली ही उतरंड त्यांनी 1920 च्या दशकात जगापुढे मांडली. वरच्या नंबरची कोंबडी आधी खाते, रात्री बसायच्या दांडीवरची चांगली जागा घेते आणि खालच्या कोणालाही टोचू शकते. एकदा नंबर ठरले की तिने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते. म्हणून जुना कळप शांत दिसतो.

नवी तलंग आली की ही घडी मोडते. सहा जुन्या असतील तर तिला सहा जणींशी हिशेब करावा लागतो, तोही एकटीने. म्हणून आम्ही एकटी तलंग द्यायला कुरकुरतो. किमान दोन न्या, म्हणजे मार वाटला जातो.

नव्यांना आधी दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळं ठेवा. हे भांडणासाठी नाही, रोगराईसाठी. त्यानंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून शेजारी ठेवा. एकमेकींना बघू दे, जाळीतून चोच मारू दे. मग अंधार पडल्यावर नव्यांना दांडीवर नेऊन बसवा. रात्री बसवल्या म्हणजे जुन्या विसरतात, असं सांगणारे बरेच भेटतात, पण सकाळी उजाडताच सगळ्यांना सगळं कळतं. फायदा एवढाच, की रात्र निवांत जाते. पहाटे खुराडं लवकर उघडा आणि तासभर तिथे थांबा. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, तेही एका जागेवरून दुसरी दिसणार नाही असं. मध्ये एक फळी आडवी उभी केली तरी पुरे, तिच्यामागे जाऊन मार खाणारीला चार दाणे टिपता येतात. दांडीवर प्रत्येकीला 20 सेंटिमीटर तरी जागा हवी.

पाठलाग, पिसं उपटणं, तुऱ्यावर चोच, हे आठवडाभर चालेल. तुम्ही मध्ये पडून सोडवत बसलात तर नंबर ठरायचेच राहतात आणि उद्या पहिल्यापासून सुरू. बघवत नसेल तर आत जाऊन चहा प्या.

मात्र रक्त दिसलं की थांबू नका. शेपटीच्या मुळाशी उगवत्या पिसाचा कोंब तुटतो आणि थेंबभर रक्त येतं. शेजारची मान तिरकी करून एका डोळ्याने बघते, एकदा टोचते, मग दुसरी येते. तासाभरात त्या थेंबाची जखम होते, आणि कोंबड्या तिथेच टोचत राहतात. जखमीला लगेच बाजूला काढा, जखम धुवा आणि पुरती भरेपर्यंत परत सोडू नका.

एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल, तर मार खाणारीला नाही, मारणारीला हलवा. तीन-चार दिवस कळपाच्या नजरेआड ठेवली की तिची जागा दुसरी घेते. परत येते तेव्हा नवखी म्हणून येते, आणि बरीच मवाळ होते.

आधी शांत असलेला कळप अचानक पिसं उपटायला लागला, तर दोष बहुधा आपला असतो. जागा कमी पडत असेल, उजेड डोळ्यांवर येत असेल किंवा खाद्यात प्रथिनं कमी असतील. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण 16 टक्के प्रथिनं लागतात, मक्यात ती 8-9 टक्केच असतात. नुसत्या मक्यावर ठेवलेली कोंबडी शेजारणीची पिसं खाऊ लागते. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या फटीही बघा. तिथले रक्तपिपासू किडे दिवसा दिसत नाहीत.

खुडूक कोंबडी

खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसून राहणारी कोंबडी. ती अंडी द्यायची थांबते, अंडी घालायच्या खोक्यात चपटी होऊन बसते, अंग फुगवते, जवळ गेलात की घोगरा आवाज काढते. पोटाची पिसं गळलेली असतात, काही तिने स्वतःच उपटलेली, म्हणजे अंड्यांना थेट कातडीची ऊब मिळते. हे सगळं प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचं काम. लेगहॉर्न जातीची कोंबडी क्वचितच खुडूक होते, सिल्की जातीची मात्र वारंवार. अंधारी जागा आणि साठलेली अंडी दिसली की ओढ वाढते, म्हणून अंडी रोज उचला.

पिल्लं हवीत की नकोत, हे त्याच दिवशी ठरवा. कोंबडा नसेल तर त्या अंड्यांतून काही निघणार नाही, पण तिला ते कळत नाही. उबवणीचे 21 दिवस संपले तरी ती रिकाम्या खोक्यात बसून राहते, तुरा फिका पडतो, वजन उतरतं.

पिल्लं हवी असतील तर फळलेली अंडी एकाच दिवशी, तिच्या पोटाखाली पुरती झाकतील एवढीच ठेवा, साधारण 8 ते 12. रात्री तिला वेगळ्या, शांत जागी हलवा, नाहीतर बाकीच्या त्याच खोक्यात घुसून अंडी फोडतात. दिवसातून एकदा ती 15-20 मिनिटं उठेल, खाईल, मातीत लोळेल आणि भलीमोठी, नाक धरायला लावणारी विष्ठा टाकेल. घाबरून फोन करू नका, ती दिवसभराची साठलेली असते. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जीव धरलाय. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका.

पिल्लं नको असतील तर जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून ठेवा आणि तिला त्यात सोडा. दाणा-पाणी भरपूर द्या, पण गवत-भुसा अजिबात नाही. खालून हवा लागून पोट गार पडलं की ओढ ओसरते. तिसऱ्या दिवशी सोडून बघा. सरळ खोक्याकडे धावली तर परत पिंजऱ्यात. उपाशी ठेवणं, गार पाण्यात बुडवणं आम्ही कोणाला सांगत नाही. तिला आधीच अशक्तपणा आलेला असतो. अंडी सुरू व्हायला पुढे दोन-तीन आठवडे लागू शकतात.

हा पिंजरा कळपाला दिसेल असाच ठेवा. आमच्याच एका कोंबडीला आम्ही मागच्या खोलीत ठेवलं होतं. आठवड्याने बाहेर काढलं, तर तिच्याच मैत्रिणींनी तिला पाहुणी समजून बडवलं. पिल्लांवरून उठणारीचंही हेच होतं, फक्त ती पिल्लांसाठी उलट अंगावर जाते, त्यामुळे तिचा नंबर लवकर लागतो.

फोन करण्याआधी एवढं बघून ठेवा : रक्त आहे का, खाद्य कोणतं चालू आहे, आणि खुडूक असेल तर कितवा दिवस. नंबर पावतीवर आहे.