बेल्टला टिचकी मारा, ताण ऐका

कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या झीरो कंपनीची एसआर/एफ असो, हार्लेच्या घरातली लाइव्हवायर असो की आपल्याकडची रिव्होल्ट आरव्ही ४००, या इलेक्ट्रिक मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला चेन नाही. तिथे काळा, रुंद, दातेरी बेल्ट आहे. त्याला तेल लागत नाही, तो गंजत नाही आणि त्याचा खडखडाटही होत नाही. या सुखाच्या बदल्यात तो एकच गोष्ट मागतो: ताण नेमका हवा. चेन इंचभर ढिली ठेवायची सवय लागलेल्या हाताला हा नेमकेपणा सुरुवातीला जाचतो. मात्र हा ताण मोजायला महागडं यंत्र लागत नाही, खिशातला फोन पुरतो. त्यामागचं गणित जवळजवळ चारशे वर्षं जुनं आहे.

आधी हा ताण कशासाठी लागतो ते पाहू. पेट्रोलच्या गिअरलेस स्कूटरमध्ये व्ही-बेल्ट असतो. तो पुलीला घासून, घर्षणाच्या जोरावर चाक फिरवतो. दातेरी बेल्टचं तसं नाही. त्याचे दात स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चक्राच्या, खाचांत बसतात आणि सगळा ओढा दातच वाहून नेतात. हा ओढा लहानसहान नसतो. एसआर/एफच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १९० न्यूटन-मीटर आहे आणि तो थ्रॉटल पिळताक्षणी, जवळजवळ शून्य वेगापासून मिळतो. हिशेबासाठी पुढच्या स्प्रॉकेटची त्रिज्या ४ सेंटीमीटर धरली, तर बेल्टवर सुमारे ४,७५० न्यूटनचा, म्हणजे ४८० किलो वजनाएवढा ओढा येतो. दातांच्या खाली बेल्टच्या लांबीभर कार्बन किंवा अरॅमिड (केव्हलरच्या जातीच्या) तंतूंचे दोर असतात, त्यांच्या बळावर बेल्ट तो सोसतो. १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने ‘स्टर्जिस’ या मॉडेलमध्ये बेल्ट वापरला, तो अशाच तंतूंमुळे शक्य झाला. नुसतं रबर एवढ्या ओढ्यापुढे टिकलं नसतं.

बसवताना दिलेल्या ताणाचं काम वेगळं असतं. मोटर जोर लावते तेव्हा बेल्टची वरची बाजू ताठ होते आणि खालची ढिली पडते. ही ढिली बाजू लहान स्प्रॉकेटला जिथे भिडते, तिथे दात खाचेत नीट बसले पाहिजेत. ताण कमी असेल तर बेल्टला पोक येतो, दात खाचेच्या कडेवर चढतो आणि पुढच्या खाचेत उडी मारतो. ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाठीमागून कुणी झटका दिल्यासारखं वाटतं. अशी उडी एकदाच बसली तरी दातांच्या मुळाशी आणि आतल्या तंतूंना इजा होऊ शकते, आणि ती बाहेरून दिसेलच असं नाही.

इलेक्ट्रिक गाडीत यात आणखी एक पीळ आहे. थ्रॉटल सोडला की मोटर जनरेटर होते आणि चाकाकडून ऊर्जा घेऊन बॅटरीत भरते, याला रिजनरेशन म्हणतात. त्या वेळी चाक मोटरला ओढतं, म्हणून खालची बाजू ताठ आणि वरची ढिली. शहरात सिग्नल ते सिग्नल चालवताना ही अदलाबदल मिनिटामिनिटाला होते. पेट्रोलच्या गाडीत इंजिन ब्रेकिंगमुळे हे होतंच, पण रिजनरेशन जोरात लावलेल्या गाडीत उलटा ओढा बराच मोठा असतो. म्हणजे इथे बेल्टची कायमची ढिली बाजू अशी नसतेच.

मग घट्टच करून टाकावा का? तोही तोटाच. जादा ताण चोवीस तास मोटरच्या शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगांवर बसतो, गाडी नुसती उभी असली तरी. बेल्ट गुणगुणायला लागतो, आणि इंजिनच्या आवाजाचा आडोसा नसल्याने ते नको इतकं ऐकू येतं.

आता मोजायचं कसं? जुनी पद्धत दाबून पाहण्याची. बेल्टच्या मोकळ्या भागाच्या मध्यावर ठरावीक जोर लावायचा, उदाहरणार्थ साडेचार किलोचा, आणि बेल्ट किती मिलिमीटर दबतो ते पट्टीने पाहायचं. दुसरी पद्धत ऐकण्याची. मोकळ्या भागाला बोटाने टिचकी मारली की तो थरथरतो आणि घुमतो. त्याची कंपनसंख्या, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, फोनमधलं सूर मोजणारं अ‍ॅप हर्ट्झमध्ये दाखवतं. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार चढते, तसाच ताण वाढला की हा सूरही चढतो. तारेची लांबी, जाडी, ताण आणि सूर यांचं नातं सतराव्या शतकात मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरू-गणितज्ञाने नियमांत बांधलं. ते आजच्या भाषेत असं: ताण = ४ × (एक मीटर बेल्टचं वजन) × (मोकळी लांबी)² × (कंपनसंख्या)². वजन किलोत, लांबी मीटरमध्ये आणि कंपनसंख्या हर्ट्झमध्ये घातली की ताण न्यूटनमध्ये मिळतो.

एक काल्पनिक बेल्ट घेऊ. मोकळी लांबी अर्धा मीटर, एका मीटरचं वजन १५० ग्रॅम, आणि टिचकी मारल्यावर आवाज ६० हर्ट्झचा. सूत्रात घातलं की ताण येतो ५४० न्यूटन. आता अ‍ॅडजस्टर, म्हणजे मागचं चाक मागे सरकवून बेल्ट ताणणारा बोल्ट, थोडा पिळून तो ६६ हर्ट्झवर नेला. सूर दहा टक्क्यांनी चढला, पण वर्गामुळे ताण एकवीस टक्क्यांनी वाढून ६५३ न्यूटन झाला. हाच फरक दाबून पाहण्याच्या पद्धतीत कसा दिसेल? साध्या हिशेबाने आधी बेल्ट सुमारे १०.२ मिलिमीटर दबेल आणि नंतर ८.४. म्हणजे दोन मिलिमीटरसुद्धा फरक नाही, आणि तो गुडघे टेकून, एका हाताने स्प्रिंगचा वजनकाटा ओढत, दुसऱ्या हातातल्या पट्टीवर वाचायचा! फोनच्या पडद्यावर ६० आणि ६६ सहज वेगळे दिसतात. शक्य असेल तिथे मी तरी कानाचीच बाजू घेईन.

अर्थात फोनही फसवतो. टिचकी बरोबर मध्यावर बसली नाही, तर मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूरही जोरात वाजतो. फोनच्या मायक्रोफोनला खर्जातले आवाज कमी पकडता येतात, त्यामुळे अ‍ॅप कधीकधी ६० ऐवजी १२० दाखवतं. ‘फार घट्ट झालाय’ असं समजून आपण आकडा ६० होईपर्यंत बेल्ट सैल करत नेला, तर खरी कंपनसंख्या उरते ३० आणि ताण उरतो फक्त चौथा हिस्सा, १३५ न्यूटन. आकडा अगदी बरोबर, आणि बेल्ट दात उडवायला मोकळा. म्हणून आकडा दुप्पट किंवा निम्मा वाटला, तर आधी बोटाने दाबून अंदाज घ्यावा. दुसरा चकवा विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून चार्जर आणि जुन्या ट्यूबलाइटचे चोक १०० हर्ट्झवर घुमतात. मोजताना ते बंद असलेले बरे.

चार्जरच नव्हे, गाडीही बंद हवी, आणि त्याचं कारण सुरक्षेचं आहे. इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की नाही हे आवाजावरून कळत नाही. बेल्ट आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोट असताना कुणाचा हात थ्रॉटलवर पडला, तर बोट जातं. गाडी बंद करून चावी खिशात घालायची, मगच खाली बसायचं.

पुढचं काम हाताचं. एका जागी मोजून भागत नाही, कारण कुठलंच स्प्रॉकेट तंतोतंत गोल आणि मध्यावर नसतं. चाक थोडंथोडं फिरवत चार ठिकाणी टिचकी मारावी. सर्वांत घट्ट जागा सापडली की तिथला आकडा मॅन्युअलच्या मर्यादेत आणायचा. हा आकडा त्याच मॉडेलचा हवा. गाडी स्टँडवर हवी की चाकांवर, बेल्टची वरची बाजू मोजायची की खालची, हेही मॅन्युअल सांगतं. त्यालाही कारण आहे. बहुतेक गाड्यांत पुढचं स्प्रॉकेट आणि स्विंगआर्मची (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याची) खीळ एका रेषेत नसतात, त्यामुळे सस्पेन्शन दबलं की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर आणि त्याबरोबर ताणही बदलतो.

अ‍ॅक्सल नट, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाचा नट, सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि बेल्ट सरकत स्प्रॉकेटच्या कडेला घासतो. किती फिरवायचे? फार थोडे. एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाड बोल्टच्या साध्या आट्याची चाल (एका फेऱ्यात सरकणारं अंतर) १.२५ मिलिमीटर, म्हणजे पाव फेऱ्यात चाक जेमतेम ०.३ मिलिमीटर सरकतं. पण कार्बनचे दोर लांबायला तयार नसतात, त्यामुळे तेवढ्यानेही सूर स्पष्ट चढतो. नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळला की अ‍ॅक्सल किंचित हलतो, म्हणून शेवटचं मोजमाप नट आवळल्यानंतरचंच धरायचं. बेल्ट जास्त घट्ट झाला तर अ‍ॅडजस्टर मागे घ्यायचे, चाक हाताने पुढे ढकलून टेकवायचं आणि पुन्हा मोजायचं.

आणि हे सगळं गाडी थंड असताना. स्विंगआर्म बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो ३० अंशांनी तापला तर अर्ध्या मीटरमागे सुमारे ०.३५ मिलिमीटर वाढतो. कार्बनचा तंतू उष्णतेने लांबीत जवळजवळ वाढतच नाही, अरॅमिड तर किंचित आखडतो. परिणाम असा की रपेट मारून आलेल्या किंवा उन्हात उभ्या गाडीचा बेल्ट, कुणी अ‍ॅडजस्टर पाव फेरा पिळावा तेवढा, आपोआप घट्ट झालेला असतो. त्या अवस्थेत आकडा जुळवला तर सकाळी तो ढिला निघतो.

चेन खिळी झिजत जातील तशी लांबते, म्हणून ती वरचेवर ओढावी लागते. बेल्ट सुरुवातीला बसला की फारसा लांबत नाही. बेल्ट पुन्हा पुन्हा ढिला होत असेल, तर अ‍ॅडजस्टरला हात लावण्याआधी अ‍ॅक्सल नट, झिजलेलं स्प्रॉकेट आणि बेल्टच्या कडेने बाहेर आलेले तंतू तपासावेत. खडी अडकून भोक पडलेला किंवा साठवताना घडी घातलेला बेल्ट ताण देऊन सुधारत नाही, तो बदलावाच लागतो.