घसा दुखतोय, पण खोकला आहे का?

घसा दुखायला लागला की आपण आरशासमोर ‘आ’ करून उभे राहतो आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले की लगेच अँटिबायोटिकचा विषय निघतो. पण असे ठिपके विषाणूंमुळेही येतात. मोठ्या माणसांच्या घसादुखीत विषाणूच बहुतेक वेळा कारणीभूत असतात. ‘स्ट्रेप’ जिवाणूचा वाटा साधारण 5 ते 15 टक्के.

1981 मध्ये अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट सेंटर आणि सहकाऱ्यांनी चार खुणांचा हिशेब मांडला: ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं. प्रत्येकीला एक गुण. मला यातली चौथी खूण सगळ्यात मजेशीर वाटते. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर संशय विषाणूवर जातो. चारही गुण मिळाले, तरी स्ट्रेप असण्याची शक्यता निम्म्याच्याच आसपास. म्हणजे स्ट्रेप नाही हे सांगायला हा हिशेब जास्त कामाचा. शून्य किंवा एक गुण असेल तर तपासणीही लागत नाही.

त्याहून जास्त गुण असतील तर घशातला स्वॅब. कापसाची काडी दोन्ही टॉन्सिलवर आणि मागच्या भिंतीवर नीट फिरवावी लागते. उबळ येते, पण जिभेला लागून परत आलेली काडी फारशी उपयोगाची नाही. रॅपिड टेस्टचं उत्तर काही मिनिटांत मिळतं. स्ट्रेपविरुद्धची प्रतिपिंडं मोजणारी रक्तातली ‘एएसओ’ तपासणी मात्र इथे निरुपयोगी, कारण ती प्रतिपिंडं वाढायला आठवडा तरी जातो.

तरुण माणूस, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी आणि न हटणारा थकवा, असं असेल तर ग्रंथीज्वर हा विषाणूचा आजार असू शकतो. त्यात अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं की अनेकदा अंगभर पुरळ उठतं आणि ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ असा शिक्का उगाच बसतो.

तोंड उघडेना, आवाज घोगरा नव्हे तर तोंडात घास असल्यासारखा येतोय, पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसतेय, तर टॉन्सिलशेजारी पू साठला असण्याची शक्यता असते. याहून फसवा प्रकार म्हणजे घसा जवळपास स्वच्छ दिसतो, पण थुंकीही गिळवत नाही. अशा वेळी खाली, श्वासनलिकेच्या तोंडावरच्या झाकणाला सूज असू शकते. तिथे चमच्याने जीभ दाबून बघत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. आणि थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्याचा घसा तापासह दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी करावी लागते, कारण या गोळीने क्वचित त्या पेशी धोकादायक इतक्या कमी होतात.